भिंत घातली म्हणजे काठ सावरला?

बंगळुरू पाण्यात बुडाले की राजकालुव्यांना, म्हणजे तलाव जोडणाऱ्या जुन्या ओढ्यांना, काँक्रीटच्या भिंती घालण्याची मागणी पुढे येते. याला 'काठांचे स्थिरीकरण' म्हणणे ही जलशास्त्राची थट्टा आहे. मॅनिंगच्या सूत्रानुसार वेग खडबडीतपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दगड-झुडपांच्या ओढ्याचा गुणांक ०.०४च्या आसपास, काँक्रीटचा सुमारे ०.०१५. उतार आणि खोली तीच राहिली तरी पाणी अडीच पटींहून अधिक वेगाने धावते. भिंत संपते तिथे धूप सुरू होते आणि पूर खालच्या वस्तीत लवकर पोहोचतो.

हे शहर सुमारे ९०० मीटर उंचीच्या जलविभाजकावर वसले आहे. पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीकडे जाते, पूर्वेचे बेळ्ळंदूर-वर्तूर तलावांमार्गे दक्षिण पिनाकिनीकडे. सप्टेंबर २०२२मध्ये आउटर रिंग रोडलगत ट्रॅक्टर आणि नावा फिरल्या त्या याच पूर्वेकडील खोऱ्यात. वरची जमीन फरसबंद करायची आणि दोष खालच्या ओढ्याला द्यायचा, हा कुठला न्याय?

'माथा ते पायथा' हे सूत्र खेड्यातल्या पाणलोट विकासात केव्हाच रुळले, शहरात (जिथे अभियंते अधिक!) तेच विसरले जाते. घरे अगदी काठाला भिडलेली असतील तिथे भिंत अपरिहार्य, हे मान्य. पण जिथे जागा उरली आहे तिथे काठाचा उतार सौम्य करून वाळा लावता येतो. त्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जातात. पण त्याहीआधी, वरच्या पाणलोटातून येणारा लोंढा किती वाढला याचे गणित निविदेपूर्वी नागरिकांसमोर मांडले गेले पाहिजे.