मडकं यंत्रानं घडवलं



एक ओळ लिहायची आणि बटण दाबायचं. कॅमेरा नको, नट नको, लाइटवाला नको. थोड्या वेळात चालतंबोलतं चित्र हजर. फेब्रुवारी 2024 मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीनं 'सोरा' दाखवलं. मे 2025 मध्ये गुगलचं 'व्हिओ 3' आवाजासकट आलं. आता वस्तीतल्या पोरापोराच्या मोबाइलवर असले व्हिडिओ धो धो वाहतायत. पांढरपेशे विद्वान चर्चासत्रात विचारतात, यामुळे कलेचं काय होणार? आमचा सवाल वेगळा आहे. यामुळे आमचं काय होणार?

उत्तर मिळालेलं आहे. 6 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्यावर एका वकिलानं बूट फेकायचा प्रयत्न केला. पाठोपाठ कुणीतरी यंत्राकडून व्हिडिओ करून घेतला. गवईंचा चेहरा निळा रंगवलेला, गळ्यात मडकं. नवी मुंबई पोलिसांनी अ‍ॅट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदवला. मडकं! पेशव्यांच्या पुण्यात आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं असायचं, का असायचं, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय. देशाच्या सर्वात मोठ्या न्यायाधीशाच्या गळ्यात ते पुन्हा अडकवायला कुंभार लागला नाही. एक ओळ पुरली.

हे यंत्र चालतं कसं ते समजून घ्या. जादूबिदू काही नाही. ढीगभर चित्रं आणि व्हिडिओ, प्रत्येकाला शब्दांची चिठ्ठी चिकटवलेली, असं सगळं यंत्राला दाखवतात. चांगल्या चित्रावर मुद्दाम कचरा टाकतात, जुन्या टीव्हीवर अँटेना हलली की मुंग्या यायच्या तसा, आणि तो काढायला शिकवतात. पुन्हा पुन्हा. मग तुम्ही ओळ लिहिली की यंत्र नुसत्या मुंग्यांपासून सुरुवात करतं आणि तुमच्या शब्दांच्या अंदाजानं थरावर थर पुसत जातं. शेवटी उरतो तो व्हिडिओ. म्हणजे यंत्राला गाव माहीत नाही, माणूस माहीत नाही. कुठल्या शब्दाशेजारी कुठलं चित्र जास्त वेळा होतं, एवढंच त्याला माहीत.

मग 'दलित' या शब्दाशेजारी काय असणार? 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकानं ऑक्टोबर 2025 मध्ये सोराला तपासून पाहिलं. 'ब्राह्मणाचं काम' म्हटलं की गोरा पुजारी, पांढरं वस्त्र, पोथी. 'दलिताचं काम' म्हटलं की काळा माणूस, मळके कपडे, हातात झाडू, नाहीतर गटारात उतरलेला. 'दलिताचं घर' म्हणजे गवताची झोपडी. आणि 'दलिताचं वागणं' मागितलं तर काही चित्रांत चक्क कुत्रा आणि मांजर!

यंत्राला जात नसते. यंत्र ज्या पोतडीतून खातं त्या पोतडीला असते. या देशात शंभर वर्षं कॅमेरा कुणाच्या हातात होता? फोटोखालची ओळ कोण लिहीत होतं? आपण चौकटीत आलो ते बहुतेक मेल्यावर, जळाल्यावर, गटारात उतरल्यावर. आपल्यातला वकील, नर्स, मास्तर, रात्रपाळी करून कविता लिहिणारा पोरगा पोतडीत कमीच. म्हणून व्हिडिओतही तो कमीच.

आणि पोतडीतली घाण उपसतं कोण? जानेवारी 2023 मध्ये 'टाइम'नं उघड केलं की ओपनएआयच्या यंत्राला सभ्य बनवण्यासाठी बलात्काराची, खुनाची, छळाची वर्णनं वाचून त्यांना चिठ्ठ्या लावायचं काम केनियातल्या कामगारांना दिलं होतं. हातात मजुरी तासाला दोन डॉलरसुद्धा नाही. यंत्र हुशार म्हणून मिरवणार आणि त्याचा मैला माणूस वाहणार. आपल्याला हे नवं आहे का?

मी गोदीत कंत्राटावर काम करतो, कंटेनर साखळदंडांनी आवळायचं. म्हातारे सांगतात, कंटेनर यायच्या आधी एकेका बोटीला टोळ्याच्या टोळ्या लागायच्या. क्रेन आली, टोळ्या गेल्या. पाठ वाचली, पोट गेलं. पोतं उचलायची हौस कुणालाच नव्हती. दोष क्रेनचा नव्हता, क्रेन मालकाची होती हा दोष. म्हणून यंत्राला दगड मारा असं मी म्हणणार नाही. यंत्राच्या पाया पडा असंही म्हणणार नाही.

पण एका धोक्यावर आत्ताच बोललं पाहिजे. 11 जुलै 2016, गुजरातमधलं उना. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. मारणाऱ्यांनीच मस्तीत व्हिडिओ काढला, फिरवला. त्याच व्हिडिओनं आग लागली, माणसं रस्त्यावर आली. का? कारण तो खरा होता. उद्या असाच व्हिडिओ आला तर आरोपीचा वकील काय म्हणेल? 'साहेब, हे एआयनं बनवलंय.' एवढं एकच वाक्य. आपण मजेखातर, नाहीतर चळवळीच्या नावानं जो जो खोटा व्हिडिओ फिरवतो, तो त्या वकिलाच्या वाक्यात दम भरतो. आपल्याकडे पैसा नाही, पोलीस नाही. पुरावा तेवढा आहे. तोच पातळ करायचा?

काही पोरं म्हणतात, 14 एप्रिलला बाबासाहेबांना यंत्रातून बोलतं करू. माझा साफ विरोध आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या विटंबनेचे व्हिडिओ सोरावर इतके झाले की वारसांनी मागणी केल्यावर कंपनीला ते बनवणं थांबवावं लागलं. बाबासाहेबांचे वारस आपण सगळे. त्यांच्या तोंडी न बोललेलं वाक्य आज आपणच घातलं, तर उद्या एखादा हरामखोर त्यांच्याच तोंडून आरक्षणाला शिव्या घालवेल, तेव्हा कुठल्या तोंडानं ओरडणार? त्यांचा शब्द हरवलेला नाही. महाराष्ट्र शासनानं 1979 पासून त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढलेत. ते वाचा. आवाज पाहिजे तर आपला लावा.

मग करायचं काय?

स्वप्न, कविता, नाटक यंत्राकडून खुशाल करून घ्या. चंद्र गोदीतल्या क्रेनला टांगायचाय? टांगा. पण यंत्रानं केलंय असा शिक्का ठळक मारा. केंद्राच्या नियमानं फेब्रुवारी 2026 पासून तो मारावाच लागतो. नियम नसता तरी आपण मारला असता. इतिहास आणि अत्याचार, या दोन गोष्टींना मात्र यंत्राचा हात लागता कामा नये.

अत्याचाराचा व्हिडिओ काढलात तर मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली कॉपी चेपलेली असते. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचा 'हॅश' नोंदतात. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलीत एवढासा बदल केला तरी ठसा बदलतो. मूळ फाइल आणि मोबाइल घेऊन लगेच आपल्या वकिलाला गाठा.

आणि पोतडीत आपली चित्रं भरा. चिठ्ठीवरचे शब्दही आपले. पुढच्या अंकासाठी प्रत्येकानं एक फोटो पाठवायचा. खरा, स्वतः काढलेला, जिवंत माणसाचा, त्याला विचारून. खाली त्याचं काम, जागा आणि तारीख. मानधन नाही, टपालखर्चही तुमचाच.

जय भीम.