गरवार बाईला वजनावरून बोलणं बंद करा

गरोदर बाईच्या वजनावर वर्धा जिल्ह्यात सगळेच बोलतात. सासू, शेजारीण, डॉक्टर, डोहाळजेवणाला आलेल्या बाया, सगळ्या तिच्या तोंडावर बोलतात. वर्धा शहरात एकीला सांगतात, फार फुगलीस. तिथून तासाभराच्या अंतरावर, देवळी तालुक्यातल्या गावात दुसरीला सांगतात, "जास्त खाऊ नको वं, पोट्टं मोठं होईल, मंग शिजर करा लागन." दोघींनाही वाटू लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय. मी हे वर्षानुवर्षं ऐकते आहे, म्हणून स्पष्ट सांगते: यातलं बहुतेक बोलणं चुकीचं आहे, आणि बोलणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी तिच्या ताटात काय पडतं ते पाहतं.

आधी शहराचं. माझ्या भाचीला सातव्या महिन्यात एका खाजगी दवाखान्यात चारचौघांसमोर ऐकवलं गेलं, कारण महिन्याभरात तिचं वजन दोन किलोने वाढलं होतं. घरी येऊन तिने रात्रीची भाकर सोडली. सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभी राहू लागली, पाव किलो इकडेतिकडे झालं की रडू लागली. मध्यम बांध्याच्या बाईचं वजन चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण चारशे-पाचशे ग्रॅम वाढतं. महिन्याला दोन किलो म्हणजे अगदी व्हायला हवं तेवढंच. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांना हे ठाऊक असतं, तरी त्या मुलीला भीती घालून घरी पाठवलं. याला मी निष्काळजीपणा म्हणते.

ते वाढलेले किलो जातात कुठे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळ तीन किलोच्या आसपास. वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल किलोभर, वाढलेलं गर्भाशय किलोभर. रक्त वाढतं, अंगात पाणी वाढतं, स्तनांची तयारी होते. उरलेली चरबी शरीर अंगावर पाजण्याच्या दिवसांसाठी राखून ठेवतं. यातलं काय कमी करायला सांगता?

जगभर वापरले जाणारे आकडे अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेले आहेत. कृश बाईने साडेबारा ते अठरा किलो वाढावं, मध्यम बांध्याच्या बाईने साडेअकरा ते सोळा, जास्त वजनाच्या बाईने सात ते साडेअकरा, लठ्ठ बाईने पाच ते नऊ. आपल्याकडे सरसकट दहा-बारा किलो सांगतात. ही सरसकट सवयच मला मान्य नाही. सुरुवातीला चाळीस किलोची असलेली मजूर बाई आणि पंचाहत्तर किलोची शिक्षिका यांना एकच आकडा कसा लागू पडेल? आणि लठ्ठ बाईलाही या काळात वजन उतरवायला कुणी सांगत नाही, फक्त वाढीचा वेग कमी ठेवायला सांगतात. हा फरक तिला नीट समजावून सांगावा लागतो. तो समजावायला पाच मिनिटं लागतात, रागवायला अर्धं मिनिट पुरतं, म्हणून रागावलं जातं.

आता गावाचं, कारण खरं नुकसान तिथे आहे. समाजशास्त्रज्ञ डायन कॉफी यांनी २०१५ साली देशभरच्या आकडेवारीवरून दाखवलं की भारतात गरोदरपण सुरू होतानाच ४२ टक्के बायका कृश होत्या आणि नऊ महिन्यांत बायकांचं वजन सरासरी सातच किलो वाढत होतं. ज्यांना सगळ्यात जास्त वाढायला हवं, त्याच पुरेशा वाढत नाहीत. यावर कुणी त्यांना बोलावून घेत नाही. पोट लहान दिसतंय, बाळंतपण सोपं जाईल, म्हणून घर खूश असतं.

'कमी खा, लहान मूल होईल' हा सल्ला गावच्या म्हाताऱ्यांचाच आहे असं समजून त्यांना हसणाऱ्यांसाठी सांगते. १८८९ साली प्रोखोव्हनिक नावाच्या जर्मन डॉक्टरने ओटीपोटाची हाडं अरुंद असलेल्या बायकांना हेच सांगितलं होतं, आणि पुढे अनेक दशकं युरोप-अमेरिकेतले डॉक्टर गरोदर बायकांना अर्धपोटी ठेवत होते. १९७० साली अमेरिकेत तज्ज्ञांनी तो सल्ला मोडीत काढला. आपल्या सासवांचं भय तर त्याहून खरं आहे. सिझर झालं की सून कित्येक आठवडे जड काम करू शकत नाही आणि घराची मजुरी बुडते. त्या भयाला उत्तर द्यायचं असेल तर त्यांना सांगा की अडीच किलोच्या आतलं मूल आजारी पडलं तर त्याहून जास्त मजुरी बुडते.

यात महाराष्ट्रातलाच पुरावा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं, बाळं २.७ किलोच्या आसपास जन्मली. ही बाळं दिसायला बारीक, पण इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तर त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट पोटातच सुरू होते, ती अशी. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्या शेतात-घरात जास्त राबत होत्या, त्यांची बाळं लहान होती.

हे शेवटचं वाक्य मला आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराच्या दारावर लिहावंसं वाटतं. इथे सहाव्या-सातव्या महिन्यातली बाई निंदायला जाते, सोयाबीनच्या सोंगणीला वाकते, दिवाळीनंतर कापूस वेचते. वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवस मावळला की तिने वेचलेला कापूस काट्यावर चढतो आणि पावशेरासाठीही हुज्जत होते. तिचं स्वतःचं वजन मात्र महिन्यातून एकदा झालं तर झालं. घरी आल्यावर पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी उरलं तर जेवायचं. वरण तेव्हा पातळ झालेलं असतं, भाजी संपलेली असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद सांगते की गरोदर बाईला रोज ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक ज्वारीची भाकर, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे. 'दोन जिवांचं खा' म्हणून ताट भरून भात-साखर देणाऱ्यांनीही हे ऐकावं: दुप्पट लागत नाही, एवढंच लागतं, पण रोज लागतं. आंबाडी, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, तुरीचं वरण, हे सगळं या मातीतलं आहे. यासाठी दुकानातली महागडी पावडर लागत नाही, आणि ती विकणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

पण ही भाकर येणार कुठून? १९८०च्या सुमारास वर्धा जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी किमान मजुरीमागचं उष्मांकांचं गणित तपासलं आणि त्या मजुरीत मजुराचं पोट भरत नाही हे मांडलं. तेच गणित आज गरोदर मजूर बाईसाठी कुणी मांडतं का? नोकरदार बाईला २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. रोजाने वावरात जाणाऱ्या बाईला एका दिवसाचीही नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६००० रुपये लिहिले आहेत. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० मिळतात, तेही हप्त्यांनी, कागद जुळले तर. तिला 'वजन का वाढलं नाही' असं विचारणाऱ्या व्यवस्थेने आधी हा हिशेब द्यावा.

वजन मोजूच नका, असं मी म्हणत नाही. दर महिन्याला, शक्यतो त्याच काट्यावर मोजा आणि कार्डावर लिहा. सलग दोन महिने वाढलं नाही तर शोधा की तिला ओकाऱ्या होतात का, रक्त कमी आहे का, ती जेवते कधी. आठवड्यात एकाएकी किलोभर वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी रक्तदाब तपासायला न्या. सेवाग्राम-सावंगीला मोठी रुग्णालयं आहेत, उशीर करू नका. साखरेची तपासणी चुकवू नका. काट्याचं काम एवढंच. रोज घरी काट्यावर चढायचं कारण नाही.

आणि महिन्याच्या नऊ तारखेला सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला ती येते, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसलेल्या नवऱ्याला आणि सासूलाही आत बोलवा. वजन तिचं करा, प्रश्न त्यांना विचारा: काल रात्री ती कुणाच्या नंतर जेवली, तेव्हा भाजी उरली होती का, आणि उद्या वावरात तिच्याऐवजी कोण जाणार आहे.