लिव्हर कॅन्सरसारखी दिसणारी प्रत्येक गाठ लिव्हर कॅन्सर नसते. मग नाव ठरवायचा खर्च पेशंटच्याच माथी का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. आज ना उद्या कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

कुणाला लिव्हरचा कॅन्सर झाला म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पीत होता का?" अंधेरी असो नाहीतर मुलुंड, सोसायटीच्या जिन्यात हीच कुजबुज. ती अगदीच हवेतली नाही. नेहमीचा लिव्हर कॅन्सर बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि हल्ली डायबेटिस-लठ्ठपणातून येणारं फॅटी लिव्हर ही त्याची मोठी कारणं. अशा पेशंटचं सीटी किंवा एमआरआयमधलं चित्र ठरावीक असेल, तर डॉक्टर बायोप्सी न करताही निदान करतात. ते शास्त्राला धरूनच आहे.

पण पंचविशीतला पोरगा, दारूला कधी शिवलेला नाही, कावीळ नाही, बाकी लिव्हर ठणठणीत, आणि आत मोठी गाठ. त्याच्या फाइलवरही तेच दोन शब्द लिहून मोकळं व्हायचं का?

अशा दुर्मिळ गाठींपैकी एक आहे फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा. १९५६ साली एडमंडसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने तिचं पहिल्यांदा वर्णन केलं. ती बहुतेक वेळा किशोरवयात आणि तरुणपणात होते. नेहमीच्या लिव्हर कॅन्सरमध्ये रक्तातलं जे एएफपी अनेकदा वाढतं, ते इथे बहुधा नॉर्मल असतं. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून घरचे निश्चिंत, आणि गाठ आपली वाढतेय.

तिचं मूळ सापडलं २०१४ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा १५ गाठींची जनुकीय तपासणी केली आणि पंधराच्या पंधरा गाठींत एकच बिघाड निघाला. १९ व्या गुणसूत्रावरचा सुमारे ४ लाख अक्षरांचा तुकडा गळून पडला होता आणि एरवी लांब असणारी दोन जनुकं एकमेकांना चिकटली होती. या टीममध्ये एलाना सायमन नावाची शाळकरी मुलगी होती. तिला स्वतःला बाराव्या वर्षी हाच कॅन्सर झाला होता. ऑपरेशन होऊन ती वाचली आणि पुढे वडिलांच्याच प्रयोगशाळेत आपल्या आजाराचं कारण शोधायला बसली.

या शोधातून घरच्यांच्या मोठ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. "धाकट्याला पण होईल का?" हा बिघाड गाठीच्या पेशींत झालेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. ज्या घरात आई रात्र-रात्र जागून "माझ्याकडूनच काही गेलं का" म्हणत असते, तिथे हे उत्तर औषधाइतकंच मोलाचं आहे.

दुसरं उदाहरण याच्या उलटं. जठरात एक दुर्मिळ कॅन्सर होतो, त्याला हिपॅटॉइड म्हणतात. त्याच्या पेशी मायक्रोस्कोपखाली लिव्हर कॅन्सरसारख्या दिसतात आणि एएफपीसुद्धा वाढवतात. तो लिव्हरमध्ये पसरला तर डॉक्टरही सहज फसू शकतात. मूळ जठरात आणि उपचार लिव्हर कॅन्सरचे! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ते हेच.

तिसरा, लिव्हरच्या आतल्या पित्तनलिकांचा कॅन्सर. हाही लिव्हरमधली गाठ म्हणूनच दिसतो. यातल्या काही पेशंटमध्ये एफजीएफआर-२ किंवा आयडीएच-१ या जनुकांत बदल सापडतो आणि त्या बदलांवर नेम धरणारी औषधं आहेत. अमेरिकेत त्यांना २०२० आणि २०२१ मध्ये मान्यता मिळाली. औषधं महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत, हे मान्य. पण तपासलंच नाही, तर लागू पडेल की नाही हे कळणार कसं?

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. बोरिवली-कांदिवलीतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये गाठ काढली किंवा सुईने तुकडा घेतला, की बऱ्याचदा बाटली नातेवाइकाच्या हातात देतात, "लॅबमध्ये देऊन या". बाटली लहान, फॉर्मेलिन कमी, मध्ये रविवार. मायक्रोस्कोपसाठी तो तुकडा कसाबसा चालतो. पण फॉर्मेलिन कमी पडलं किंवा तुकडा त्यात तीन-तीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला, तर आतला डीएनए आणि आरएनए खराब होऊ लागतो. चिकटलेली जनुकं शोधायची तर बऱ्याचदा आरएनएच लागतो. म्हणजे तपासणीचा निकाल लॅब निवडण्याआधीच, त्या प्लॅस्टिकच्या बाटलीत लागलेला असतो.

पुढचा टप्पा आपल्या ओळखीचा. टाटाला जायचं ठरतं, तिथे ब्लॉक आणि स्लाइड मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. मग पहिल्या लॅबमध्ये अर्ज, सही, उद्या या. तो ब्लॉक पिशवीत घालून घाटकोपरहून परळ, बोरिवलीहून दादर, लोकलच्या गर्दीत उभ्याने. हे सगळं पेशंटच्या घरच्यांनीच करायचं.

आणि पैसे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते चांगलंच आहे, त्याने हजारो घरं वाचलीत. पण योजना चालते पॅकेजवर, म्हणजे ऑपरेशन, केमो, रेडिएशन. आणि कॅन्सरचं पॅकेज मंजूर व्हायला आधी रिपोर्ट लागतो, रोगाचं नाव लागतं. नाव ठरवायलाच मोठी तपासणी लागली की बिल अनेकदा घरच्यांच्या खिशातून जातं. रिक्षा चालवणाऱ्याने किंवा पापड-मसाल्याचं घरकाम करणाऱ्या बाईने ते कुठून भरायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या गाठीचं नाव मायक्रोस्कोपने पक्कं होत नाही, तिची जनुकीय तपासणी हा निदानाचाच भाग आहे. ती पैसेवाल्यांची चैन नाही. म्हणून तिचा खर्च सरकारी योजनेत आला पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते खरे आहेत.

एक, "नाव कळून उपयोग काय? फायब्रोलॅमेलरवर तरी कुठे खास गोळी आहे?" बरोबर, आजही त्यावर मुख्य उपचार ऑपरेशनच आहे. पण म्हणूनच तर ते वेळेत ओळखायला हवं. तरुण पेशंट, बाकी लिव्हर निरोगी, म्हणजे मोठं ऑपरेशन झेपण्याची शक्यता जास्त. शिवाय नवीन औषधांच्या चाचण्यांत शिरायला नाव पक्कं असावं लागतं. आणि चुकीच्या नावावर दिलेल्या औषधाचा त्रास होतोच, पैसा जातोच, वेळही जातो.

दोन, "मग काय, प्रत्येकाने शेकडो जनुकांचं पॅनेल करायचं?" अजिबात नाही. पी हळद अन् हो गोरी, असं इथे काही नाही, आणि कुठलीही लॅब तसं विकत असेल तर सावध राहा. आधी अनुभवी पॅथॉलॉजिस्टची नजर, मग काही मोजके रंग म्हणजे मार्कर, मग संशय असलेल्या एका जनुकाची फिश तपासणी, आणि तरीही कोडं सुटलं नाही तरच मोठं पॅनेल. जनुकाचा रिपोर्टही एकटा वाचायचा नसतो. फायब्रोलॅमेलरमधला तोच बिघाड नंतर स्वादुपिंडाच्या आणि पित्तनलिकेच्या काही दुर्मिळ गाठींतही सापडला.

मुंबईला हे जमणार नाही असं कोण म्हणेल? कॅन्सर पेशंटची शिस्तशीर नोंद ठेवणारी देशातली पहिली रजिस्ट्री १९६३ साली याच शहरात सुरू झाली. टाटा १९४१ पासून इथे आहे, खारघरला त्यांचं संशोधन केंद्र आहे. ४ एप्रिल २०२४ ला पवईच्या आयआयटीत राष्ट्रपतींच्या हस्ते देशी कार-टी उपचार सुरू झाले. पेशंटच्या पेशींची जनुकं बदलून कॅन्सरवर सोडणारं तंत्र आपल्या पवईत तयार होतं, आणि शेजारच्या घाटकोपरमध्ये बाटलीत फॉर्मेलिन किती घालायचं हे सांगायला माणूस नाही. हे पटतं का?

मागण्या साध्या आहेत.

१. कूपर, राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी अशा पालिका रुग्णालयांतून बायोप्सीचा नमुना नीट पॅक होऊन, ठरलेल्या वेळेत, रुग्णालयाच्याच गाडीने जावा. नातेवाईक म्हणजे कुरियर नव्हे.

२. वय चाळिशीच्या आत, लिव्हर निरोगी, किंवा बायोप्सी जुळत नाही, अशा निवडक पेशंटची तपासणी राज्याच्या योजनेतून मोफत व्हावी. अशा केस थोड्या असतात, त्यामुळे तिजोरीवर फार भार नाही.

३. नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या रुग्णालयांसाठी ४० औषधांची एकत्र खरेदी ठरवून भाव खाली आणले. तपासण्यांचे दरही तसेच एकत्र बसून ठरवावेत.

४. दुर्मिळ गाठींची, पेशंटचं नाव गुप्त ठेवून, जनुकीय माहितीसह नोंद व्हावी. एकेका रुग्णालयात दोन-चार केस विखुरलेल्या राहिल्या तर आपल्याकडच्या पेशंटबद्दल कुणालाच काही शिकता येणार नाही.

आणि घरात वेळ आलीच तर डॉक्टरांना न घाबरता चार गोष्टी विचारा. बायोप्सी लागणार आहे का, नसेल तर का नाही? लिव्हरचा बाकीचा भाग निरोगी आहे का? गाठ दुसरीकडून आलेली नाही हे तपासलं का? ब्लॉक कुठे आहे आणि तो कधी मिळेल? डिस्चार्जच्या कागदांइतकाच तो ब्लॉक सांभाळा. वर्षानंतरही त्यावर तपासणी होऊ शकते.

तुमच्या वॉर्डातल्या लोकप्रतिनिधीला ही पोस्ट टॅग करा. दवाखान्याच्या उद्घाटनाचे बॅनर आपण खूप पाहिले. आत बायोप्सीची सोय काय आहे, हे एकदा त्यांना विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.