‘एक’ आणि ‘तो’

धारनजीक तिरल्यास एका स्नेह्यांच्या घरी गेलो असता त्यांच्या मुलाची इंग्रजीची वही आमच्या हाती आली. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्या जागी सर्वत्र तांबडी शाई. वडील म्हणाले, "शाळेत हिंदी, घरी मराठी, दोहोंतही आर्टिकल नाही. घरची मराठी आता बंद करावी असे वाटते."

आम्ही मुलास आजीची गोष्ट सांगावयास लावली. ‘एका गावी एक राजा होता. त्या राजाला दोन मुलगे होते.’ राजा प्रथम भेटतो तेव्हा ‘एक’. ओळख झाल्यावर ‘तो’. इंग्रजीतही आधी ‘अ किंग’, मग ‘द किंग’. याचे मूळ जुने आहे. इंग्रजीचे ‘अ’ व ‘ॲन’ हे ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून, आणि ‘द’ हे ‘तो’ या अर्थाच्या दर्शक सर्वनामापासून आले. मराठी हे शब्द गरजेपुरते योजते. इंग्रजीस ते सहसा टाळता येत नाहीत, एवढाच भेद.

‘अ’ की ‘ॲन’ हे मात्र अक्षरावरून न ठरविता कानाने ठरवावे: ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. गावाच्या नावास ‘द’ लागत नाही, नदीच्या लागतो: ‘तिरला’, पण ‘द नर्मदा’.

तेव्हा त्या स्नेह्यांस आणि आमच्या वाचकांसही विनंती, की मुलांना इंग्रजी यावे म्हणून आजीची गोष्ट बंद करू नये.