डिस्कसची अंडी काढून घेऊ नका

डिस्कस मासा आपली अंडी आपणच खातो, ही तक्रार घरी मत्स्यालय बाळगणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. उपाय म्हणून अंडी काढून दुसऱ्या टाकीत ठेवावी, औषध घालून बुरशीपासून वाचवावी आणि पिले वरच्या खाद्यावर वाढवावी, असा सल्ला दिला जातो. धंद्यासाठी मासे वाढवणाऱ्याला हे सोयीचे असेल. पण हौसेने आणि काही शिकण्यासाठी मासे पाळणाऱ्या विद्यार्थ्याने ही वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. व्हिएन्नाच्या हेकेल यांनी १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ताटलीसारख्या चपट्या, वाटोळ्या आकारावरून त्याला हे नाव मिळाले. बाजारात दिसणारे भडक तांबडे-निळे प्रकार मात्र माणसाने निवड करीत करीत तयार केलेले आहेत.

यातला नर कोणता आणि मादी कोणती, हे बाहेरून ओळखणे फार कठीण. तेव्हा ‘खात्रीची जोडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन माशांवर जादा पैसे घालण्यापेक्षा सहा लहान मासे घेऊन एकत्र वाढवावे. वर्ष-दीड वर्षाने त्यांतले दोघे टाकीचा एखादा कोपरा धरून बसतात आणि इतरांना तिकडे फिरकू देत नाहीत. समोरासमोर येऊन डोके खाली झुकवतात, अंग थरथरवतात आणि उभ्या ठेवलेल्या मातीच्या भांड्याची एक बाजू तोंडाने घासून साफ करतात. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली एक लहानशी नळी दिसू लागते. मादीची नळी जाड व बोथट, नराची बारीक व टोकदार. कधी कधी दोन माद्याही जोडी जमवून हे सगळे सोपस्कार पार पाडतात! अंडी मात्र पांढरी पडून वाया जातात.

अंडी घातल्यावर आईबाप आळीपाळीने त्यांच्यासमोर उभे राहून छातीजवळच्या परांनी पाण्याचा वारा घालतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे मला या वाऱ्याचे विशेष वाटते. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस इतके ऊबदार पाणी लागते. हवेच्या सान्निध्यातील २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांला तो साडेसातच्या आसपास येतो. शिवाय प्राणवायूचा प्रसार हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. अंड्याने आपल्या भोवतीचा प्राणवायू वापरला की तिथे शिळ्या पाण्याचा पातळ थर राहतो, आणि पाणी हलले नाही तर तो लवकर बदलत नाही. परांचा वारा हा थर सारखा उडवून लावतो. अंडी दुसऱ्या टाकीत नेणारा माणूस हेच काम हवेच्या पंपाने करतो.

अडीच-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिले आणखी दोन-तीन दिवस तिथेच चिकटून वळवळत राहतात. मग ती सुटतात आणि थेट आईबापांच्या अंगाला जाऊन भिडतात. यापुढचे काम पंपाला जमणारे नाही. आईबापांच्या कातडीवर या काळात दाट बुळबुळीत स्राव येतो आणि पिले तोच टिपून खातात. हिल्डेमन या अमेरिकन संशोधकाने १९५९ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे २०१० साली इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या बक्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की पिलांच्या संगोपनाच्या काळात या स्रावातील प्रथिने व रोगप्रतिकारक द्रव्ये वाढतात. पहिले दोन आठवडे आईबाप पिलांना मोकळेपणी खाऊ देतात. तिसऱ्या आठवड्यात मात्र ते त्यांच्यापासून दूर पळू लागतात. सस्तन प्राण्यांची आई पिलांना दुधापासून तोडते, तसाच हा प्रकार. कबुतरे पिलांना भरवतात ते ‘दूध’ तयार होण्यास प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कारण असते. डिस्कसच्या स्रावाशीही त्याच संप्रेरकाचा संबंध प्रयोगांत दिसून आला आहे.

आता अंडी खाण्याविषयी. नवी जोडी पहिल्या एक-दोन खेपांना अंडी खाते हे खरे. खोलीतला दिवा एकदम लावला, काचेवर टकटक केली, तरीही खाते. त्यात क्रूरपणा कसला? फुकट जाणाऱ्या अंड्यांतले अन्न पुन्हा पोटात जाते, आणि आठवडा-दहा दिवसांत ती जोडी बहुधा पुन्हा अंडी घालते. तेवढे थांबण्याची तयारी हवी. धीर धरवत नसेल तर अंड्यांभोवती जाळी बसवावी; आईबापांना अंडी दिसतात, वाराही घालता येतो, पण खाता येत नाहीत.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निसर्गात जे आईबाप पिले सांभाळतात त्यांचीच पिले जगतात. आपण प्रत्येक पिढीची अंडी काढून वाढवू लागलो, तर न सांभाळणाऱ्यांचीही तितकीच जगतील. मग हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहील, असे कशाच्या आधारावर म्हणायचे? रंगासाठी निवड करणाऱ्यांनी याचाही विचार करायला हवा.

डिस्कस महाग आहे आणि पाण्याच्या बाबतीत नाजूकही, तेव्हा त्यासाठी घरी हट्ट धरू नये. दक्षिण भारतातील नद्यांत आणि खाड्यांत त्याच्याच कुळातला स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस (पूर्वीचे नाव एट्रोप्लस मॅक्युलेटस) नावाचा लहान, पिवळसर-नारिंगी मासा राहतो. तोही जोडीने पिले सांभाळतो, आणि त्याची पिलेही आईबापांच्या अंगाला तोंड लावून स्राव टिपतात. मात्र ती केवळ त्यावर अवलंबून नसतात. अंगाला झटकन स्पर्श करून ती दूर होतात, त्यामुळे एका मिनिटात असे किती स्पर्श झाले, आईला किती आणि बापाला किती, हे घड्याळ समोर ठेवून रोज मोजता येते.