रथांचे घरगुती नियम

धातूच्या वा प्लॅस्टिकच्या चिमुकल्या सैनिकांनीं मेजावर प्राचीन लढाया खेळण्याचा छंद अनेक देशांत आहे. इंग्रज ग्रंथकार एच. जी. वेल्स यांनीं खेळण्यांतील सैनिकांच्या युद्धाचे नियम १९१३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. पुढें आणखी नियमग्रंथ झाले. तरी खेळणारे मित्र त्यांत आपले घरगुती नियम घालितातच. रथांच्या बाबतींत तें अवश्यही आहे. कारण सर्व रथ एकाच मापानें मोजणें इतिहासास धरून नाहीं.

ख्रिस्तपूर्व सुमारें १२७४ सालीं कादेशच्या लढाईंत मिसरच्या हलक्या रथावर सारथी व धनुर्धर असे दोघे होते. हित्ती रथावर तिघे. ख्रिस्तपूर्व ३३१ सालीं गॉगामेला येथें इराणचा राजा दारयवहू यानें पातीं लावलेले रथ सोडले. परंतु अलेक्झांडरच्या सैनिकांनीं भाले फेकून व रांगा उघडून ते निष्फळ केले. म्हणून पहिल्यास बाण सोडून परतण्याची मुभा, दुसऱ्यास हातघाईंत अधिक बळ, व तिसऱ्यास सपाट भूमीवर एकच धडक, अशी वांटणी आम्हांस न्याय्य वाटते.

मात्र विद्यार्थिमित्रांनीं एक गोष्ट विसरूं नये. असा नियम फांसे पडण्यापूर्वीं उभयतांच्या संमतीनें लिहून ठेवावा. आपला रथ मोडतांना सुचलेला नियम कितीही इतिहाससिद्ध असला, तरी ती सबबच होय. तिच्या बळावर जिंकण्यापेक्षां हरणें बरें. मेजावर पडलेले सैनिक पुन्हां उभे करितां येतात. मित्राचा ढळलेला विश्वास इतक्या सहज उभा राहत नाहीं.