मोजमापाला भिता कशाला?

१८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. धूर दिसला, म्हणून सारे शहर हळहळले. भूगर्भातील पाणी नासते तेव्हा धूर निघत नाही, बंब धावत नाहीत. कळते ते वर्षांनंतर, आणि तोवर इलाज हाताबाहेर गेलेला असतो. म्हणूनच या वसाहतीभोवतालच्या विहिरी आणि बोअर नियमित मोजले जावेत, आणि ते आकडे लोकांसमोर यावेत, अशी माझी मागणी आहे.

अमुक कारखान्याने पाणी नासवले, असा आरोप मी करीत नाही. माझा प्रश्न साधा आहे. नासवलेले नाही, हे दाखवणारा आकडा शेजारच्या वस्तीच्या हाती कुठे आहे?

सोलापूरच्या चादर-टॉवेलाचे सूत रंगवावे लागते. सुती धाग्यावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवताना भरपूर मीठ आणि सोडा लागतो. सांडपाण्यातील रंग चुना-तुरटीने बराचसा काढता येतो. मीठ मात्र पाण्यातच राहते. तेव्हा पाणी नितळ दिसते एवढ्यावर कोणी आपले समाधान करू नये. डोळ्यांना जे दिसत नाही ते मोजावेच लागते.

यावर तीन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले : 'इथले पाणी मुळातच जड.' असेलही. पण मूळचे किती आणि वाढलेले किती, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवाचून कसे ठरणार? पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. आपला बोअर यात कुठे बसतो, हे जाणण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे बोअर हाच गरिबाचा आधार असतो.

दुसरे उत्तर : 'सरकार मोजतेच.' खरे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी घेते. पण त्या विहिरी पाणलोट क्षेत्राच्या हिशोबाने निवडलेल्या असतात, कारखान्याच्या कुंपणाच्या हिशोबाने नव्हे. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते. एक बोअर बिघडतो आणि शेजारचा गोडा राहतो. एखाददुसऱ्या नमुन्याने काहीच सिद्ध होत नाही. वसाहतीच्या चढाकडचे आणि उताराकडचे स्रोत सातत्याने तपासावे लागतात.

तिसरे उत्तर पोटाला भिडणारे आहे : 'मोजमाप सुरू झाले की कारखाने बंद पडतील, कामगार उपाशी मरतील.' ज्यांना हे वाटते त्यांनी तिरुपूरकडे पाहावे. तिथल्या रंगाई कारखान्यांचे सांडपाणी नोय्यल नदीतून ओरथुपालयम धरणात साचत गेले. शेतीसाठी बांधलेल्या त्या धरणाचे पाणी शेतकऱ्यालाच नकोसे झाले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेकडो कारखान्यांना टाळे लागले आणि कामगार रस्त्यावर आले. रोजगार बुडाला तो दुर्लक्षामुळे. दोष मोजमापाच्या माथी कशाला मारता? वेळीच मोजले असते तर विहीरही वाचती आणि मागही.

अब्राहामाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या आणि इसहाकाला त्या पुन्हा उकराव्या लागल्या, हे आपण जाणतो. माती उपसता येते. खडकाच्या भेगांत मुरलेले क्षार कोण उपसणार? पोप फ्रान्सिस यांनीही 'लाउदातो सी' या २०१५ च्या विश्वपत्रात खाणी, शेती आणि उद्योग यांच्या प्रदूषणाने भूगर्भजलावर आलेल्या संकटाचा स्पष्ट उल्लेख केला आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कारखान्यांना घातलेल्या अटींची नोंदवही प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठेवायची असते, आणि बाधित माणसाला ती पाहता येते. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तपासणीचे आकडे वस्तीतील फळ्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषांत लागले पाहिजेत. ज्याचे हात स्वच्छ आहेत, त्या कारखानदाराने ही मागणी आपल्याआधी करावी. तो करीत नसेल तर आपण करू, आणि आकडा हाती पडेपर्यंत करीत राहू.